नावाचं कडवं

दौलतला गावात आजही 'करंटवाला' म्हणतात. ज्या पोरांनी त्याला कधी स्टेजवर पाहिलं नाही, तीही म्हणतात. का म्हणतात ते त्यांना ठाऊक नाही. म्हातारा कधीकाळी वायरमन असेल, असं धरून चालतात आणि शेतातली मोटर जळली की त्याच्या दारात येऊन उभी राहतात. मग दौलत त्यांची अशी काही खरडपट्टी काढतो की पोरं मोटर विसरून पळतात. "मी का लाईनमन होय बे? चाला निंघा!" एवढं बोलून तो आत जातो आणि खाटेखाली पाहतो. खाटेखाली गोणपाटात गुंडाळलेली गिटार आहे. ती तो बाहेर काढत नाही. फक्त आहे की नाही ते पाहतो.

गाव जैनथच्या खालच्या अंगाला, पेनगंगेच्या काठी. नदीपलीकडं महाराष्ट्र, अलीकडं तेव्हाचा आंध्र प्रदेश. दौलत पाळण्यात असतानाच त्याचा बाप रामाजी गेला. आई चंद्रभागा चंपतरावांच्या शेतात कापूस वेचायला जायची. पोराला बांधावर निजवायची आणि ओळीनं पुढं सरकत गायची. ते गाणं म्हणजे काय, उन्हाला शिव्या, मुकादमाला टोमणे, पायात रुतलेल्या काट्याला विनवणी. पण सुरात. शेजारच्या ओळीतल्या बाया हसायच्या आणि पुढची ओळ जोडायच्या. दौलतच्या कानावर पडलेलं पहिलं गाणं ते. तालही पहिला तोच: बोंडातून कापूस ओढायचा, ओटीत टाकायचा, ओढायचा, टाकायचा. पुढं त्यानं किती का वाद्यं हाताळली असतील, बोटाला जी सवय लागली ती तिथलीच.

दुसरं गाणं मामाचं. धोंडीबा हा चंद्रभागेचा चुलतभाऊ. त्याच्या बापाकडं डफडं होतं, वरच्या आळीतल्या लग्नात दारात उभं राहून वाजवायचं. नागपूरची दीक्षा झाली, त्या वर्षी धोंडीबानं ते डफडं नदीत फेकून दिलं. भाऊबंद म्हणाले, अरे येड्या, पोटावर काऊन पाय देतं? त्यानं ऐकलं नाही. वाळलेल्या भोपळ्याची एकतारी केली, ढोलकीवाला, पेटीवाला जमवले आणि गायन पार्टी उभी केली. बुद्धाची, बाबासाहेबांची गाणी. मात्र कोणाच्या दारात नाही. आपल्या वस्तीत, आपल्या लोकांसमोर, आपल्या चटईवर बसून. "आपल्या आवाजाले कोनाचा उंबरा लागत नाई," हे त्याचं ठरलेलं बोलणं. माणूस कडक. मिशीतल्या मिशीतसुद्धा हसायचा नाही.

त्या पार्ट्यांची एक रीत होती, ती सांगायलाच हवी. गाणं कोणीही गावं, मना नाही. पण शेवटच्या कडव्यात ज्यानं ते बांधलं त्याचं नाव आलं पाहिजे, आणि त्याच्या आधी त्याला शिकवणाऱ्याचं. नावाचं कडवं म्हणत त्याला. कोणी ते खाऊन टाकलं तर समोर बसलेल्या बायाबापड्या ओरडायच्या, "नाव घ्या, नाव!" आणि गाणाऱ्याला उठू द्यायच्या नाहीत. का नाही ओरडणार? ज्यांचं नाव जमिनीच्या पहाणीत, म्हणजे सातबाऱ्यात नव्हतं, शाळेच्या पाटीवर नव्हतं, त्यांना गाण्यात तरी नाव होतं. धोंडीबा म्हणायचा, "गानं चोरता येते. नावाचं कडवं चोरता येत नाई."

दौलत त्याच्या मागं एकतारी उचलून हिंडायला लागला आणि मामाच्याच घरी वाढला म्हणा ना. मामी मनकर्णा त्याला स्वतःच्या पोरीआधी भाकर वाढायची. विशीत आल्यावर त्यानं स्वतःचं पहिलं गाणं बांधलं. आईवर.

बोंड फुटलं रानात, माय, बोट फुटलं तुझं,
कंबरेच्या ओटीमधी कोनाचं गं वझं?

अशी तीन कडवी, आणि चौथं नावाचं.

धोंडीबाच्या तारेवरती दौलत बांधे गान,
वाकू नको आता माये, ताठ ठेव मान.

मामासमोर पहिल्यांदा म्हणून दाखवलं तेव्हा धोंडीबानं एकतारी मांडीवरून खाली ठेवली आणि बराच वेळ तार पुसत बसला. मग म्हणाला, "चाल बरी हाय." बस! पण रात्री जेवताना मनकर्णा हळूच म्हणाली, "मामा तुया आज दोनदा सोताशीच गुनगुनला. आमच्या लग्नातबी असा नाई गायला." दौलतला आभाळ ठेंगणं झालं.

इथंच थांबला असता तर बरं झालं असतं, असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला! दौलत आदिलाबादच्या एका जिनिंगात कामाला लागला आणि तिथं त्याचे कान उघडले. गुरुवारी दर्ग्यावर कव्वाली. टाळीवर टाळी, आणि एकच ओळ दहा अंगांनी फिरवणारे ते गवई. दौलत मागच्या भिंतीला टेकून ऐकायचा आणि घरी येऊन आपल्या गाण्यात तशी ओळ फिरवून बघायचा. जत्रेत तेलुगू कथेकरी ढोल घेऊन यायचे, त्यांचा घुमारा वेगळाच. आणि एकदा शहरातल्या मैदानावर ऑर्केस्ट्रा आला. त्यात एकानं इलेक्ट्रिक गिटारची एक तार छेडली आणि ती वाजतच राहिली. वाजतच राहिली! दौलतच्या अंगावर काटा आला. एकतारीच होती ती, फक्त हजार माणसांना ऐकू जाणारी. बाकी लोक नाचत होते, हा आपला वेड्यासारखा मनात म्हणतो आहे, मामाची तार, मामाची तार.

जिनिंगात देवदानम नावाचा तेलुगू कारकून होता, चर्चमध्ये गिटार वाजवायचा. "तम्मुडू, धाकट्या भावा, बोटं घट्ट आहेत तुझी," असं त्यानं तेलुगू-हिंदीत सांगितलं आणि शिकवायला घेतलं. कापूस ओढून ओढून घट्ट झालेली ती बोटं. देवदानमनंच हैदराबादहून एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आणि एक डबडा ॲम्प्लिफायर मिळवून दिला. दौलतनं पहिलं काय केलं असेल? सगळ्यात जाड तार मामाच्या एकतारीच्या सुराला लावली आणि ती मोकळी ठेवली. गाणं कोणतंही असो, ती तार मागं घुमत राहायची. देवदानम म्हणाला, असं कोणी लावत नाही. दौलत म्हणाला, आमच्यात लावतात.

आता त्याला एकच हौस. जयंतीला गावात, मामाच्या समोर, आईचं गाणं या गिटारवर म्हणायचं. आणि नावाचं कडवं असं घुमवायचं की धोंडीबाचं नाव नदीपलीकडं ऐकू जावं. मामाला त्यानं काही सांगितलं नाही. नवल दाखवायचं होतं ना!

पण गिटारला वीज लागते, आणि वस्तीत वीज कुठं होती? खांब वरच्या आळीत येऊन थांबले होते. सरकारी साहेब दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी. जवळात जवळ मीटर चंपतरावांच्या घरी. दौलत गेला. पायरीखाली उभा राहिला, चपला हातात घेतल्या, आणि म्हणाला, "मालक, दोन घंट्यापुरती तार द्या." चंपतराव झोपाळ्यावर होते. त्यांनी त्याला बराच वेळ उभं ठेवलं, मग म्हणाले, "ने. पन आमच्याबद्दल वाकडंतिकडं काई गायचं नाई." दौलत "नाई मालक" म्हणाला. म्हणून बसला! ज्या शेतात माय वाकली त्या शेताचा मालक तो, आणि गाणं त्या वाकण्यावरचं, हे त्या क्षणी त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याला फक्त करंट हवा होता. माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली की तो असाच आंधळा होतो.

जयंतीच्या संध्याकाळी वस्तीतली झाडून सारी माणसं आली. चंद्रभागा पुढच्या चटईवर, तिच्याशेजारी मनकर्णा. धोंडीबा पांढरा सदरा घालून मांडवाच्या खांबाला टेकून बसलेला, एकतारी मांडीवर, कारण त्याला वाटलं नेहमीसारखीच पार्टी बसणार. दौलतनं गिटार काढली तसा गलका झाला. पहिली तार छेडली आणि पोरं उभीच राहिली. दोन कडवी काय रंगली म्हणता! बाया पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. दौलतनं चोरून मामाकडं पाहिलं. मामाचं बोट मांडीवर ताल धरत होतं. ते बोट दौलतनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पुढं कितीही वाईट झालं तरी ते त्यानं पाहिलं होतं.

तिसऱ्या कडव्यात ओळ येते, 'मालकाच्या अंगावरी तुझ्या हाताचं सूत.' ती ओळ चंपतरावांच्या वाड्यापर्यंत ऐकू गेली असणार. गिटार मुकी झाली, माईक मुका झाला, बल्ब विझला. कोणीतरी ओरडलं, "चंपतरावच्या घरी दिवा हाय की! बटन दाबलं साल्यानं!"

"चंपतरावच्या घरी?" धोंडीबानं विचारलं. "तार तिथून आनली?"

 ढोलकीवाला फकिरा म्हणाला, "हो मामा. दौलत मांगाले गेलता."

कंदील आणले गेले. दौलत मुकी गिटार गळ्यात घेऊन उभा. मग एकतारीचा आवाज आला. धोंडीबा उठला होता. त्यानं तिसरं कडवं उचललं, पहिल्या ओळीपासून, आणि ती मालकाची ओळ वाड्याकडं तोंड करून दोनदा म्हटली. लोकांनी टाळ्या पिटल्या. दौलतचे डोळे भरून आले. वाटलं, मामानं सावरलं. मामाशिवाय कोण सावरणार! आणि मग धोंडीबानं नावाचं कडवं घेतलं.

उसन्या तारेवरती दौलत बांधे गान...

टाळ्या थांबल्या. स्वतःचं नाव त्यानं स्वतःच्या हातानं काढून टाकलं होतं. आमच्या लोकांत याचा अर्थ लहान पोरालाही कळतो: हा माझा चेला नाही. पुढची ओळ त्यानं म्हटलीच नाही. एकतारी खांद्याला लावली आणि लोकांमधून वाट काढत निघून गेला. चंद्रभागा मागून "दादा, अरे दादा" करत राहिली.

दौलतचा राग असा भडकला की विचारू नका. चूक झाली, कबूल. पण ती चार भिंतींत सांगायची की चारशे माणसांत? त्या दिवसापासून त्यानं मामाची पायरी चढली नाही. लोक त्याला करंटवाला म्हणू लागले, तसा तो अजूनच हट्टाला पेटला. वस्तीत पुढं वीज आली, ती मागून आणलेली नव्हती, हक्काची होती. मग तर त्यानं गिटारशिवाय एक कार्यक्रम केला नाही. पण नावाच्या कडव्यापाशी आलं की त्याची जीभ अडायची. 'धोंडीबाच्या' म्हणवत नव्हतं आणि 'उसन्या' तर मेला तरी म्हणणार नव्हता.

तशात नांदेडचा एक कॅसेटवाला आला. त्याला आईचं गाणं हवं होतं. म्हणाला, "गाणं लांब आहे दौलतराव. एक कडवं काढा. कोणतं ते तुम्हीच सांगा."

"शेवटचं," दौलत म्हणाला. विचारसुद्धा केला नाही.

"अहो, त्यात तुमचं नाव आहे."

"कव्हरवर हाय ना नाव? बस झालं. त्या म्हाताऱ्याचं नाव मले नको."

आणि त्यानं ते गाणं तीन कडव्यांत गायलं, गिटारवर, त्याच्या आयुष्यात कधी गायला नसेल असं. रागात माणूस फार चांगला गातो, हेही एक दुर्दैवच म्हणायचं.

गाणं उडालं. जैनथच्या ऑटोत वाजलं, किनवटच्या बसमध्ये वाजलं, लग्नात वाजलं, कापूस वेचणाऱ्या बायांच्या तोंडी बसलं. पण कव्हर कोण पाहतं? दुकानदार कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचे. दोन-चार वर्षांत कव्हर गेलं आणि गाणं राहिलं. दौलत बासरला सरस्वतीच्या जत्रेत गेला होता, तिथं एक नांदेडकडची पार्टी त्याचंच गाणं गात होती. त्यानं मागून ओरडून पाहिलं, "नाव घ्या, नाव!" जवळच्या माणसानं विचारलं, "कोनाचं नाव, काका? देवीचं?" दौलत तोंडात मारल्यासारखा गर्दीतून बाहेर पडला.

चंद्रभागा मरेपर्यंत सांगत राहिली. "जाय रे बाप्पा. मामाचे पाय धर. तुया गान्याची शेंडी त्याच्या हाती हाय." दौलत म्हणायचा, जाईन. दिवाळीनंतर जाईन, जयंतीनंतर जाईन. धोंडीबाच्या पोरीचं लग्न मावल्याच्या एका कारकुनाशी झालं, म्हातारा-म्हातारी तिकडंच राहायला गेले. जिनिंगाच्या रस्त्यावर मावला लागतंच. दौलत जिनिंगात जाताना रोज सायकलवरून तो फाटा ओलांडायचा. वळला नाही. अरे, काय जात होतं वळायला! पण नाही वळला.

धोंडीबा गेल्याचं कळलं तेव्हा मात्र तो पायांत चप्पल न घालता निघाला होता, असं बायको सांगते. पोचला तोवर माती झाली होती. जलदानाच्या कार्यक्रमाला तो पुन्हा गेला. सकाळची वेळ, अंगणात मांडव, बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी धोंडीबाचा फोटो, आणि फोटोला टेकवून ती एकतारी. मांडवात बहुतेक माणसं शहरातली: शिक्षक, कारकून, त्यांच्या बायका. गावाकडचं जुनं कोणी नव्हतंच. फकिरा तर केव्हाच वारला होता. मनकर्णा भिंतीला टेकून बसली होती, पांढरी झालेली, वाळलेली. तिनं दौलतकडं पाहिलं आणि मान खाली घातली. ओळखलं की नाही कळलं नाही.

सूत्रसंचालन उद्धवराव करत होते, शेजारच्या शाळेतले तरुण शिक्षक. वंदना झाली, भाषणं झाली. दौलत उठला, पुढं गेला आणि म्हणाला, "मी मामाचा भाचा हाव. एक गानं म्हनतो." त्यानं गिटार आणली नव्हती. फोटोपाशी वाकून एकतारी उचलली. तार छेडली. सूर तोच. त्याच्या घरी खाटेखाली एक जाड तार अजून ह्याच सुरात लावलेली होती.

बोंड फुटलं रानात म्हटल्याबरोबर सगळा मांडव गायला लागला. बायका, पोरं, कारकून, सगळ्यांना पाठ! तीन कडवी मांडवानंच म्हटली. दौलत नुसती तार छेडत राहिला. इतक्या वर्षांनी तो ज्यासाठी आला होता ते कडवं आता आलं. त्यानं डोळे मिटले आणि फोटोकडं तोंड करून एकट्यानं म्हटलं,

धोंडीबाच्या तारेवरती दौलत बांधे गान...

 कोणालाच ते येत नव्हतं. लोक एकमेकांकडं पाहू लागले. उद्धवराव पुढं आले. माणूस सभ्य, आवाजही हळू. "काका, तुमच्या भावना आम्ही समजतो. पण हे कडवं त्या गाण्यात नाही. ते जुनं लोकगीत आहे, आमच्या शाळेत आम्ही पोरांकडून बसवून घेतो. आपल्या समाजाच्या गाण्यात असं स्वतःचं नाव घालणं बरं दिसत नाही."

"गानं मायं हाय," दौलत म्हणाला. "मी बांधलं. मायेवर बांधलं."

मागून कोणीतरी हसलं. "असे पुष्कळ जन म्हनतात काका. मागच्या साली किनवटचा एक बुवा बी म्हने, मायंच हाय."

"मामीले इचारा!" दौलत ओरडला. "तिच्या समोर बांधलं. मामी, सांग यायले. हे कडवं होतं का नाई?"

सगळ्यांनी माना वळवल्या. मनकर्णानं वर पाहिलं. दौलतला वाटलं, आता बोलेल. हिनं भाकर वाढली आहे, ही बोलेल.

"कॅशेटीत नव्हतं," मनकर्णा म्हणाली.

झालं. लोकांना एवढं पुरे होतं. उद्धवरावांनी त्याच्या हातातून हळूच एकतारी घेतली, परत फोटोला टेकवली आणि म्हणाले, "बसा काका, पाणी घ्या." पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं गेलं.

दौलत मनकर्णाजवळ जाऊन मटकन बसला. "मामी, तू असं काऊन बोलली गं?"

"खोटं बोलली काय?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "कॅशेट आली म्हनून समजलं तवा तुया मामा आदिलाबादले गेला. पायी. घेऊन आला. शेजारच्या मास्तराचा टेप मांगून आनला. कधी कोनाले काई मांगतलं नाई त्यानं, तुले ठावं हाय. मले म्हने, ये, बस, दौलत्या गाऊन राह्यला. लय खूश. तुयी ती करंटची तार वाजे तशी मले म्हने, आइक, आइक, मायाच सूर धरला पोट्ट्यानं. तिसरं कडवं झालं. म्हने, आता चूप राह्य, आता नाव येईन. आमी बसलो. मंग दुसरंच गानं लागलं."

दौलतनं फोटोला टेकवलेल्या एकतारीकडं पाहिलं.

"त्याले वाटलं टेप बिघडला. उलटी करून पाह्यली. दुसऱ्या बाजूले असन म्हने. तिकडंबी सारी आइकली, आखरीपर्यंत. मंग कॅशेट काढली, टेप पुसला आनि मास्तराले नेऊन देला. त्यानंतर एकतारी खुट्टीवरून काढली नाई त्यानं."

मांडवात कोणाचं तरी भाषण चाललं होतं. दिवंगत धोंडीबांनी समाजाला काय काय दिलं ते सांगत होते. शेवटी उद्धवराव म्हणाले, आपण सगळे मिळून त्यांना आवडणारं ते गीत पुन्हा एकदा म्हणू या. मांडव उभा राहिला आणि गायला लागला, तालात, सुरात, फार सुंदर. दौलत खाली बसूनच होता. तिसरं कडवं संपलं तसा तो ओठांतल्या ओठांत 'धोंडीबाच्या' म्हणाला. तोवर लोक चपला शोधायला लागले होते.